सात नंबरचा पंप

रेझेक्नेत जानेवारी म्हणजे उणे बावीस,
आणि गावातल्या प्रत्येक रेडिएटरची ऊब
आमच्या बॉयलरघरातून निघते.
पाइपांना हात लावणारे वेगळे.
माझ्याकडे फक्त नोंदी,
चार हजार तीनशे बारा.

संचालक म्हणाले, स्कायद्रिते, एवढं साफ कर,
नव्या पोरांना काही सापडत नाही.
आमच्या भाषेत माझ्या नावातच 'स्वच्छ' आहे.
आईला कुठे ठाऊक होतं,
त्याचा असा उपयोग होईल.

'गळती' शोधलं. दोनशे सहा उत्तरं.
त्यातली बहुतेक एकाच वाक्याची पिल्लं:
एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवलं,
तिसऱ्यानं री ओढली,
चौथ्यानं ठळक अक्षरांत केलं.
ठळक झाल्यावर कोण विचारतो, मूळ कुठलं?

एका नोंदीला एकोणीस जणांनी 'उपयुक्त' म्हटलेलं.
उघडली. आत एवढंच:
पाव्हेल्सला विचारा.
पाव्हेल्सला जाऊन सहा वर्षं झाली.

आणि ही:
सात नंबरचा पंप थंडीत सुरू करू नये. आठ वापरावा.
कारण नाही, तारीख नाही, नाव नाही.
आठ नंबर अंगणापलीकडच्या शेडमध्ये.
म्हणून दर हिवाळ्यात, रात्रपाळीचा माणूस
कोट चढवतो, टोपी कानांवर ओढतो, बर्फातून जातो,
जाता तीनशे पावलं, येता तीनशे.
बर्फात त्याची पायवाट पडते.
आणि पायवाट एकदा पडली
की ती बरोबरच असणार, असं वाटू लागतं.

ओयार्स आता निवृत्त.
रझ्नाच्या गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून बसतो.
मी उलटी बादली घेऊन शेजारी बसले.
चहा झाला. त्याच्या गुडघ्याची चौकशी झाली.
एक मासा आला, फार लहान म्हणून परत गेला.
मग विचारलं, सात नंबर का नाही?

तो गळाकडे पाहत राहिला.
हसायला आलं त्याला, पण हसला नाही.
"बेअरिंग गेलं होतं. अठ्ठ्याण्णव साली.
थंडीत अडकायचं. कागदावर लिहून पंपाला चिकटवलं, मीच.
दोन हजार तीनमध्ये बेअरिंग बदललं, तेही मीच.
कागद काढायचा राहिला."

"पण कागदावरनं तुमच्या त्या यंत्रात कुणी घातलं?"

मी.
नवी होते तेव्हा. भिंतींवर, पंपांवर, दारांमागे
जे जे चिकटवलेलं दिसलं
ते सगळं टाइप केलं होतं,
शुद्धलेखन तपासून.

आठ दिवस तपासण्या झाल्या.
मग एका रात्री गुंतार्सनं सात नंबरचं बटण दाबलं,
तोंड फिरवून, फटाका लावल्यासारखं.
पंप गुरगुरला आणि लागला.
आम्ही दोघं तसेच उभे, बोलायचं काय ते सुचेना.
पहाटे तीनला पाहते तर
गुंतार्स सवयीनं कोट चढवत होता.

जुनं वाक्य मी पुसलं नाही.
त्याखाली लिहिलं:
हे अठ्ठ्याण्णव ते दोन हजार तीन खरं होतं.
सांगणारा ओयार्स. चूक पसरवणारी मी.
पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा विचारा.
संचालकांना 'चूक पसरवणारी' आवडलं नाही.
राहू दिलंय.

सहा महिने झाले. नोंदी उरल्यात नऊशे.
त्यात एक अशी, जिचं कुणालाच ठाऊक नाही,
ओयार्सलाही नाही, पाव्हेल्सच्या बायकोलाही नाही:
आवाज आला तर थांबा.

कोणता आवाज?
किती वेळ थांबायचं?
चारदा काढून टाकायला गेले, चारदा हात मागे घेतला.
कुणीतरी, कधीतरी, काहीतरी ऐकलं असणार.

शेवटी एवढंच जोडलं:
आम्हांला माहीत नाही.
तुम्ही ऐकलात तर लिहा,
आणि खाली नाव घाला.